तीन तांबड्या, दोन काळ्या

(मोजणी आणि वजा संख्या यांवरच्या माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : पांढरं टेबल, त्यावर सहा बटणं. लहान मुलीचं बोट एकेका बटणावर टेकतं.)

एक... दोन... तीन... बोट टेकतं आणि आकडा तोंडून निघतो. एकही बटण सुटत नाही, एकही दोनदा मोजलं जात नाही. बोट सहावर थांबतं. मग कॅमेऱ्यामागून तिला विचारलं जातं, "किती बटणं आहेत?" आणि ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते.

तिचं काही चुकलेलं नाही. तिच्या लेखी 'सहा' हे त्या शेवटच्या बटणाचं नाव आहे, जसं पहिल्याचं नाव 'एक'. शेवटी उच्चारलेला आकडा सगळ्या बटणांचा मिळून असतो, ही गोष्ट तोंडानं दहापर्यंत घडाघडा म्हणता येऊ लागल्यावरही मुलांना बराच काळ उमगत नाही. मोठ्यांना स्वतःचा हा टप्पा आठवतही नाही. त्यामुळे शिकवताना तो सर्रास गाळला जातो.

(दृश्य : बटणांच्या दोन समोरासमोर ओळी, प्रत्येकीत सहा.)

आता दोन ओळी. वर सहा, खाली सहा. मुलगी म्हणते, सारखीच. तिच्या डोळ्यांदेखत खालच्या ओळीतली बटणं लांब लांब सरकवली. एकही नवं ठेवलं नाही, एकही उचललं नाही. आता जास्त बटणं कुठे?

तिचं बोट खालच्या ओळीकडे जातं.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे निरीक्षण मांडलं. चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर हाच प्रयोग आजही केला, तर बहुतेक वेळा असंच उत्तर मिळतं. लांबी वाढली की मुलांना वाटतं, संख्याही वाढली. वस्तू कशाही पसरा, गोळा करा, गोल मांडा, ढीग करा, 'किती' मात्र हलत नाही, ही समज मुलांमध्ये साधारण सहा-सात वर्षांपर्यंत पक्की होते. पूर्ण संख्या म्हणजे शून्य, एक, दोन, तीन आणि पुढे. या संख्या राशी दाखवतात असं आपण सहज म्हणतो. पण वस्तूचा रंग, आकार, जागा, क्रम हे सगळं बाजूला सारलं की जे उरतं, तेवढंच त्या दाखवतात. बरंच काही टाकून द्यावं लागतं तेव्हा कुठे सहा हाती लागतो.

(दृश्य : पडद्यावर क्षणभर ठिपके चमकतात. दोन. तीन. चार. मग सात.)

तीन ठिपके न मोजता कळले ना? चारही कळले असतील. सात? साधारण चारपर्यंतच माणसाची नजर एका झटक्यात सांगू शकते. त्यापुढे मोजावं लागतं, आणि मोजायचं तर खूण लागते.

(दृश्य : काचेच्या कपाटात मातीचा गोळा. कॅमेरा हळूहळू जवळ जातो. पृष्ठभागावर दाबलेले खळगे.)

हा बघा गोळा. मुठीत मावेल एवढा. इराणमधल्या सुसा इथे सापडलेले असे गोळे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. वय पाच हजार वर्षांहून जास्त. आतून पोकळ, आणि पोकळीत मातीच्याच बारक्या वस्तू : गोट्या, शंकू, चकत्या.

मातीच्या अशा खुणा पश्चिम आशियात इसवी सनपूर्व ८००० च्या सुमारापासून मिळतात. एका वस्तूमागे एक खूण, आणि वस्तू बदलली की खुणेचा आकारही वेगळा. ही मांडणी पुरातत्त्व अभ्यासक डेनिस श्मान्ट-बेसरा यांची. या पद्धतीत 'सात' असं काही लिहिलेलं नसतं. सात वस्तूंसाठी सात खुणा असतात, बस्स. हिशेब राखणाऱ्याला सातपर्यंत मोजता आलं नाही तरी हिशेब चुकत नाही, कारण एका खुणेसमोर एक वस्तू ठेवत गेलं की झालं.

पुढे या खुणा गोळ्यात बंद करून गोळ्यावर मुद्रा उमटवू लागले. म्हणजे मध्ये कुणी लबाडी करायला नको. पण आत किती खुणा आहेत हे पाहायचं तर गोळा फोडावा लागणार. म्हणून काही गोळ्यांवर, माती ओली असतानाच, बाहेरच्या अंगाला खुणांचे ठसे दाबलेले दिसतात. आता आतलं बाहेरूनच वाचता येतं.

(दृश्य : गोळ्यावरचे ठसे. त्यावरून थेट चपट्या पाटीवरचे ठसे.)

मग आतल्या खुणा हव्यात कशाला? इसवी सनपूर्व ३२०० च्या आसपास, आजच्या इराकमधल्या उरुक नगरात, गोळ्याची जागा चपट्या पाटीनं घेतली होती.

इथे जरा थांबूया, कारण हे दृश्य आम्हाला कापवलं नाही. पाटीवर दोन प्रकारचे ठसे आहेत. बोरूची कड तिरकी दाबून केलेला लांबट ठसा आणि बोरू सरळ उभा दाबून केलेला गोल. जनावरं मोजताना दहा लांबट ठसे म्हणजे एक गोल. पण बार्लीचं माप लिहिताना सहाच लांबट ठसे म्हणजे एक गोल. खूण तीच, माती तीच, लेखनिकही कदाचित तोच, आणि गोल ठशाची किंमत मात्र काय मोजलं जातंय त्यावर ठरते. अशा अनेक मोजणीपद्धती उरुकमध्ये एकाच काळात वापरात होत्या. निखळ 'दहा', कशाचाही नसलेला 'दहा', या लेखनिकांच्या पाटीवर अजून आलेला नाही.

आपण मात्र पहिलीतल्या मुलासमोर फळ्यावर नुसता '१०' लिहितो आणि पुढच्या पाठाकडे वळतो.

(दृश्य : रिकामं टेबल. शेजारी सोंगट्या : एका बाजूला तांबड्यांची रास, दुसऱ्या बाजूला काळ्यांची.)

आता मुख्य गोष्ट. तांबडी सोंगटी म्हणजे अधिक एक. काळी सोंगटी म्हणजे वजा एक. नियम एकच : एक तांबडी आणि एक काळी एकत्र आली की दोघी मिळून शून्य.

रंगांची ही कल्पना आमची नव्हे. प्राचीन चीनमध्ये हिशेबाच्या काड्या वापरत. एका जुन्या गणितग्रंथावर लिऊ हुई या गणितज्ञानं इसवी सन २६३ मध्ये टीका लिहिली. त्यात धन राशीसाठी तांबड्या काड्या आणि ऋण राशीसाठी काळ्या, असं स्पष्ट सांगितलं आहे. आजच्या हिशेबवह्यांत तांबडी शाई तुटीची असते, तिथे नेमकं उलटं होतं. वेगळ्या रंगाच्या काड्या नसतील तर ऋण काड्या तिरप्या ठेवाव्यात, अशी सोयही त्यानं देऊन ठेवली आहे.

(दृश्य : वरून घेतलेला शॉट. दोन हात सोंगट्या मांडतात.)

तीन तांबड्या. त्यात दोन काळ्या आणून ठेवल्या. जोड्या लावा. एक जोडी गेली, दुसरी जोडी गेली, उरली एक तांबडी. अधिक तीन आणि वजा दोन यांची बेरीज अधिक एक. यात कुणाला अडचण येत नाही.

अडचण इथे येते. पुन्हा तीन तांबड्या घ्या. आता यातून दोन काळ्या काढून घ्या.

काढणार कुठून? टेबलावर एकही काळी नाही. वर्गात हा प्रश्न आला की "वजा वजा अधिक" असं एका सुरात ऐकू येतं, आणि उत्तर बरोबर येतं. ते का येतं, हे विचारलं की सूर बंद होतो.

हात पाहा. हात शेजारच्या ढिगांकडे गेला. एक तांबडी आणि एक काळी अशी जोडी उचलून टेबलावर ठेवली. टेबलावरच्या एकूण राशीत काय फरक पडला? काहीच नाही, कारण आलं ते शून्य. अजून एक जोडी. पुन्हा शून्यच आलं. आता टेबलावर पाच तांबड्या आणि दोन काळ्या आहेत आणि एकूण राशी अजूनही तीनच आहे. आता काढा दोन काळ्या.

पाच तांबड्या उरल्या.

तीन वजा वजा दोन बरोबर पाच. शेवटच्या पाच तांबड्यांतल्या दोन कुठून आल्या, ते कॅमेऱ्यानं पाहिलं आहे : आपण शून्य म्हणून आणलेल्या जोड्यांतला काळा अर्धा भाग निघून गेला आणि तांबडा मागे राहिला. हा शॉट सलग आहे, मध्ये कुठेही कापलेला नाही. दोनदा पाहिला तरी हरकत नाही.

गुणाकारही याच टेबलावर होतो. तीन गुणिले वजा दोन म्हणजे दोन-दोन काळ्या तीनदा आणून ठेवायच्या. सहा काळ्या, वजा सहा. आता वजा तीन गुणिले वजा दोन. आधी तीनदा आणून ठेवत होतो, आता तीनदा काढून घ्यायच्या. टेबल रिकामं आहे, म्हणून आधी शून्याच्या सहा जोड्या मांडायच्या. काढा दोन काळ्या. अजून दोन. अजून दोन. राहिलं काय? सहा तांबड्या. ज्या सूत्राला मुलं एखाद्या सरकारी आदेशासारखं मान खाली घालून मानतात, ते असं टेबलावर घडताना दिसतं.

(दृश्य : अॅनिमेशन. अणूचं केंद्र, भोवती इलेक्ट्रॉन.)

निसर्गातही हा खेळ याच नियमानं चालतो. सोडियमच्या अणूत केंद्रात ११ प्रोटॉन, भोवती ११ इलेक्ट्रॉन. अकरा तांबड्या, अकरा काळ्या, एकूण भार शून्य. हा शून्य रिकामा मुळीच नाही. त्यातून एक इलेक्ट्रॉन निघून गेला, म्हणजे एक काळी काढून घेतली, की भार अधिक एक. क्लोरिनच्या अणूत १७ प्रोटॉन असतात. त्याला एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळून १८ झाले की भार वजा एक.

(दृश्य : वाळूवर काठीनं ओढलेली रेघ. रेघेवर मध्ये एक गोल.)

धन आणि ऋण बरोबरीत आले की होणाऱ्या, शून्याच्या या दुसऱ्या रूपाला नियमांत बसवलं ब्रह्मगुप्तानं. भिल्लमाळ, म्हणजे आजच्या राजस्थानातलं भीनमाळ. इसवी सन ६२८. ब्रह्मगुप्ताचं वय तीस. दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची ऋण, धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांचा फरक, आणि दोन्ही समान असतील तर शून्य. आपण आत्ता सोंगट्यांनी जे केलं, ते त्यानं श्लोकांत बांधलं. वजाबाकीचे नियमही आहेत, ऋण गुणिले ऋण धन हेही आहे. शून्याला शून्यानं भागलं तर शून्य, असंही तो म्हणून गेला. ते काही टिकलं नाही, पण विचारायची हिंमत त्यानं केली होती.

(दृश्य : झाडाच्या फांद्या, फांदीवर एक माकड. अॅनिमेशनमध्ये माकडांचा कळप.)

आणि हे भास्कराचार्यांचं कोडं. बारावं शतक. माकडांचा एक कळप आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जी संख्या येते, तिच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली. एक माकड तेवढं फांदीवर दिसतं आहे. तर कळप किती माकडांचा?

पन्नास धरून पाहा. पन्नासाचा पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले, सात. साताचा वर्ग एकोणपन्नास. एकोणपन्नास गुहेत, एक फांदीवर. बरोबर पन्नास.

पण समीकरण आणखी एक उत्तर देतं : पाच. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले, वजा दोन. वजा दोनचा वर्ग चार. चार गुहेत, एक फांदीवर, एकूण पाच. आकडेमोडीत खोट काढून दाखवा!

भास्कराचार्यांनी हे उत्तर नाकारलं. त्यांचं म्हणणं असं की प्रत्यक्ष वस्तूंच्या बाबतीत ऋण राशी लोकांना पटत नाही. एका माकडातून तीन माकडं वजा कशी करणार? ऋण संख्यांचे नियम त्यांना तोंडपाठ होते, त्यांनी ते स्वतः शिकवलेही. तरी उत्तर हातात आल्यावर त्यांनी विचारलं की ही संख्या कशाची आहे. आमच्या मते या सबंध इतिहासात एवढा शहाणा नकार दुसरा नाही. पाठ्यपुस्तकात हे कोडं द्यायचं असेल, तर दोन्ही उत्तरांसकट द्यावं.

माकडं, बटणं, पाटीवरची जनावरं यांच्या बाबतीत शून्य म्हणजे काहीच नाही, आणि त्याखाली जायला जागा नाही. तिथे पूर्ण संख्या पुरतात. पूर्णांक, म्हणजे पूर्ण संख्या आणि जोडीला वजा एक, वजा दोन आणि पुढे, लागतात ते जिथे शून्याच्या दोन्ही बाजूंना जाता येतं तिथे.

(दृश्य : तापमापक. पारा शून्याखाली. पाठोपाठ मृत समुद्राचा किनारा, मिठाचे थर.)

इथे पारा −४ वर आहे. दुपारी ३ वर येईल. चढला किती? सात अंश. चार अंश शून्यापर्यंत, तीन अंश त्यापुढे. हा किनारा मृत समुद्राचा, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ४३० मीटर खाली. नकाशावर −४३०. जमीन इथेही जमीनच आहे, माणसं इथेही उभी राहतात. शून्य कुठे मानायचा हे माणसांनी ठरवलं, आणि या ठिकाणाला वजाचं चिन्ह त्यामुळेच मिळालं.

ठरवण्याचा हा भाग गमतीचा आहे. स्वीडनच्या अँडर्स सेल्सियसनं १७४२ साली शंभर अंशांची मापपट्टी मांडली, तेव्हा पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १०० ठेवला होता. थंडी वाढली की आकडा वाढणार. म्हणजे कडाक्याच्या हिवाळ्यातही नोंदवहीत वजाचं चिन्ह येणार नाही. १७४४ मध्ये सेल्सियस वारला, आणि थोड्याच काळात पट्टी उलटी झाली. आज आपण वापरतो ती ही उलटलेली पट्टी.

युरोपात ऋण संख्यांना शतकानुशतकं दारातच उभं केलं गेलं. त्याआधी, तिसऱ्या शतकाच्या सुमाराला, अलेक्झांड्रियाच्या डायोफँटसनं ४क्ष + २० = ४ या धर्तीच्या समीकरणाला निरर्थक ठरवून सोडून दिलं होतं. १६८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन वॉलिसनं माणसाला रेषेवर चालवलं : पाच यार्ड पुढे, मग आठ यार्ड मागे. निघालेल्या जागेपासून तो किती पुढे आहे? वजा तीन यार्ड.

(दृश्य : जमिनीवर खडूनं आखलेली संख्यारेषा. मुलं तिच्यावरून चालतात, उलटं चालतात.)

तीच रेषा. शून्यावर उभं राहायचं, तोंड उजवीकडे. या मुलाला −७ वर पाठवलं, त्या मुलीला −३ वर. मोठी संख्या कुणाची? "सात मोठा," असं बरेचजण ओरडतात. मग उजवीकडे कोण आहे ते पाहतात. सगळ्यांना दिसतं, मुलगी. −३ ही −७ पेक्षा मोठी. शून्यापासून लांब मात्र −७. लांब असणं आणि मोठं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटणं मोजेपर्यंत त्या एकच होत्या, त्यामुळे मुलं गोंधळतात यात नवल नाही. हा गोंधळ इथे चालत चालत सुटला नाही, तर पुढे बीजगणितात मुलं अडतात आणि मग गणितच सोडून देतात.

(दृश्य : पडद्यावर आठ दिवे, शून्य किंवा एक दाखवणारे.)

कॉम्प्युटरला वजाचं चिन्ह माहीत नाही. त्याच्याकडे चालू आणि बंद एवढंच. असा एक दिवा म्हणजे एक बिट. आठ बिटांच्या २५६ मांडण्या होतात. त्या वाटून घेतल्या : −१२८ पासून १२७ पर्यंत. आठही दिवे पेटलेले म्हणजे −१. खात्री करायची तर त्यात एक मिळवा. हातचा पुढे पुढे सरकत जातो, एकेक दिवा विझतो, शेवटचा हातचा चौकटीबाहेर पडतो. आठही बंद. शून्य. आणि १२७ मध्ये एक मिळवला तर? थेट −१२८. रेषेचं टोक वळून दुसऱ्या टोकाला भिडतं.

४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात एक मोठी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७ मावतील अशा जागेत, कोंबली गेली आणि सुमारे ४० सेकंदांत रॉकेट फुटलं.

(दृश्य : लिफ्टचं पॅनेल. ३, २, १, ०, −१, −२. मग दुसऱ्या इमारतीतलं पॅनेल : २, १, −१, −२.)

या लिफ्टमध्ये −२ वरून ३ वर गेलं की पाच मजले होतात. वजाबाकी करा, पाचच येतात. दुसऱ्या पॅनेलवर शून्यच नाही. −१ च्या वर लगेच १. इथे −२ वरून २ वर जाताना वजाबाकी चार सांगते, आणि लिफ्ट तीनच मजले चढते.

असंच शून्य गाळलेलं पॅनेल म्हणजे आपलं सनावळीचं कोष्टक. इसवी सनपूर्व १ संपलं की थेट इसवी सन १. इसवी सनपूर्व ५ मध्ये जन्मलेल्या माणसाला इसवी सन ५ मधल्या वाढदिवशी दहावं नव्हे, नववं वर्ष पूर्ण होतं. ग्रहणांची गणितं करणाऱ्यांना ही एकाची चूक परवडत नाही. म्हणून खगोलशास्त्रज्ञ इसवी सनपूर्व १ ला ० म्हणतात, इसवी सनपूर्व २ ला −१, आणि ज्युलियस सीझरच्या हत्येचं साल, इसवी सनपूर्व ४४, त्यांच्याकडे −४३ असं लिहिलं जातं.